ट्यूमरचा रक्तपुरवठा तोडला, तरी पेशंटचं आयुष्य का वाढलं नाही?

मागच्या पोस्टनंतर तुमच्यापैकी दोघांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. ग्लायोब्लास्टोमा हा ब्रेन ट्यूमर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो असं पुस्तकात वाचलं. रक्तवाहिन्या वाढू न देणारं औषधही बाजारात आहे. मग प्रश्न सुटायला हवा होता, नाही का?

प्रश्न एकदम बरोबर आहे. १९९०च्या दशकात मोठमोठ्या प्रयोगशाळांनीही हेच गणित मांडलं होतं. ते का चुकलं, की चुकलंच नाही आणि आपण उत्तरच भलत्या पट्टीने मोजलं, हे आज बघू. पोस्ट लांब आहे. पण तुम्ही पीएचडीसाठी विषय शोधत असाल, एंट्रन्सच्या इंटरव्ह्यूची तयारी करत असाल, तर ही गोष्ट नीट समजून घ्या. एखादी सुंदर कल्पना ससा, उंदीर, एमआरआय असे टप्पे पार करत माणसापर्यंत येते तेव्हा तिचं काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं.

आधी कल्पना कुठून आली ते.

ज्यूडा फोकमन हे अमेरिकन सर्जन. १९६०च्या आसपास ते अमेरिकन नौदलाच्या बेथेस्डा इथल्या वैद्यकीय केंद्रात काम करत होते. काम कॅन्सरचं नव्हतं बरं का. लांबच्या प्रवासाला निघालेल्या जहाजांवर रक्ताचा साठा टिकत नाही, म्हणून रक्ताला पर्याय शोधायचा होता. त्यांनी आणि फ्रेडरिक बेकर यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण फिरवून ती जिवंत ठेवली. पर्यायी रक्त खरंच काम करतंय का हे तपासायला त्यांनी त्यात उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, पण एक-दोन मिलिमीटरची गाठ झाली की थांबल्या. मेल्या नव्हत्या. तीच गाठ परत जिवंत उंदरात घातली की भराभर वाढायची.

फरक एवढाच होता की भांड्यातल्या ग्रंथीत नवीन रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या आणि उंदरात फुटत होत्या. यावरून फोकमन यांनी १९७१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये गृहीतक मांडलं: ट्यूमरला एका मर्यादेपलीकडे वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, त्यासाठी तो काहीतरी रसायन सोडत असणार, आणि ते रसायन अडवलं तर ट्यूमर तिथेच थांबेल. नवीन रक्तवाहिन्या फुटण्याच्या या क्रियेला अँजिओजेनेसिस म्हणतात. हा शब्द या पोस्टमध्ये पुन्हा पुन्हा येणार आहे.

यामागचं भौतिकशास्त्र अगदी साधं आहे. ऑक्सिजन केशवाहिनीतून बाहेर पडला की पेशींमधून पसरत जातो, पण वाटेतल्या पेशी तो खात जातात. त्यामुळे साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पुढे फारसं काही उरत नाही. गाठीच्या मध्यातली पेशी याहून लांब गेली की तिचा श्वास कोंडतो.

आणि श्वास कोंडलेली पेशी गप्प बसत नाही. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन भरपूर असेल तेव्हा त्याच्यावर रासायनिक खूण लागते आणि ते लगेच मोडीत काढलं जातं. ऑक्सिजन कमी झाला की खूण लागत नाही, प्रथिन साठतं, केंद्रकात जातं आणि कितीतरी जनुकं चालू करतं. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल याच कामासाठी मिळालं. एचआयएफमुळे चालू होणाऱ्या जनुकांपैकी एक आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र आहे, व्हीईजीएफ.

व्हीईजीएफचा शोध दोनदा लागला. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांच्या गटाला ट्यूमर असलेल्या गिनी पिगच्या पोटात साठणाऱ्या पाण्यात एक प्रथिन सापडलं. त्याने रक्तवाहिन्या गळायला लागायच्या, म्हणून त्यांनी त्याला गळती वाढवणारा घटक असं नाव दिलं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी वाढवणारं प्रथिन वेगळं केलं आणि त्याला व्हीईजीएफ म्हटलं. नंतर कळलं की दोन्ही एकच! म्हणजे हा रेणू एकाच वेळी रक्तवाहिन्या वाढवतोही आणि गळक्याही करतो. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, पुढचा सगळा घोळ यातूनच निघतो.

ग्लायोब्लास्टोमाच का निवडला?

कारण हा ट्यूमर फोकमन यांच्या गृहीतकासाठीच बनवल्यासारखा दिसतो. पॅथॉलॉजिस्ट स्लाइड बघतो तेव्हा ग्लायोब्लास्टोमाचं निदान करताना दोन गोष्टी खास शोधतो. एक, मेलेल्या पेशींचे पट्टे, ज्यांच्या कडेला ट्यूमरच्या पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. दुसरी, रक्तवाहिन्यांचे वेडेवाकडे गुच्छ. १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की मेलेल्या भागाच्या कडेला उभ्या असलेल्या याच पेशी भरपूर व्हीईजीएफ बनवतात. पुढच्याच वर्षी फेरारा यांच्या गटाने व्हीईजीएफला पकडणारी अँटीबॉडी उंदरांना दिली. त्या उंदरांमध्ये माणसाच्या तीन प्रकारच्या कॅन्सर पेशी वाढवल्या होत्या आणि त्यातल्या एक ग्लायोब्लास्टोमाच्या होत्या. तिन्ही ठिकाणी ट्यूमरची वाढ मंदावली.

दुसरं कारण माणुसकीचं म्हणा. या रुग्णांसाठी हातात फारसं काही नव्हतं. २००५ मध्ये रॉजर स्टुप यांच्या ट्रायलमध्ये रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. अडीच महिने! आणि आज इतक्या वर्षांनीही जगभरच्या उपचाराचा पाया हाच आहे. सर्जन दिसणारी गाठ काढतो, पण तिच्या पेशी आधीच निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात, आणि मेंदूचा तेवढा भाग कापून काढता येत नाही.

त्या अँटीबॉडीचं माणसासाठी बनवलेलं रूप म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. आतड्याच्या कॅन्सरसाठी तिला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना देऊन बघितली. एमआरआय बघून डॉक्टर चकित झाले. पांढरीशुभ्र चमकणारी गाठ एक-दोन दिवसांत फिकी पडायला लागायची. १६७ रुग्णांच्या एका ट्रायलमध्ये नुसतं बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांपैकी २८ टक्के रुग्णांचा ट्यूमर स्कॅनवर ठरलेल्या प्रमाणात लहान झाला आणि ४२.६ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांनंतरही वाढलेला नव्हता. या आजारात असे आकडे कुणी बघितलेच नव्हते. मे २००९ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी झटपट मान्यता मिळाली. युरोपातल्या औषध नियामकांनी मात्र नकार दिला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की तुलनेला दुसरा गटच नाही, मग हा फायदा नेमका कशाचा?

इथे थोडं थांबा आणि स्वतःला विचारा: तुम्ही त्या समितीत असता तर काय केलं असतंत? पुढचं वाचायच्या आधी उत्तर ठरवा.

एमआरआयवर नेमकं काय चमकतं

मेंदूच्या रक्तवाहिन्या इतर अवयवांसारख्या नसतात. त्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात आणि रक्तातल्या बहुतेक गोष्टी त्या बाहेर जाऊ देत नाहीत. हा ब्लड-ब्रेन बॅरिअर. एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. ते निरोगी मेंदूत वाहिनीबाहेर येऊच शकत नाही. ट्यूमरमधल्या वाहिन्या गळक्या असतात, तिथे ते बाहेर झिरपतं आणि तो भाग पांढरा चमकतो. म्हणजे आपण ज्याला ‘गाठ’ म्हणतो ते स्कॅनवर खरं तर गळतीचं चित्र असतं.

जुन्या घराच्या भिंतीचं उदाहरण घ्या. आतला पाइप गळतोय आणि भिंतीवर ओलीचा डाग आलाय. त्याच भिंतीत वाळवीही लागली आहे, आणि ओल आहे म्हणून तिचं बरं चाललंय. वाळवी दिसत नाही, म्हणून तुम्ही डागाच्या आकारावरून तिचा अंदाज घेता. तोपर्यंत ठीक आहे. आता प्लंबरने पाइप दुरुस्त केला. डाग दोन दिवसांत सुकला. वाळवी गेली का?

बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफ पकडतं आणि व्हीईजीएफ हाच गळती करणारा रेणू. त्यामुळे गॅडोलिनियम झिरपायचं थांबतं, गाठ फिकी पडते, पण ट्यूमरच्या पेशी कदाचित तितक्याच असतात. याला छद्म-प्रतिसाद म्हणतात. १९९० पासून वापरात असलेले ट्यूमर मोजण्याचे मॅकडोनाल्ड निकष मुख्यतः चमकणाऱ्या भागावरच उभे होते. २०१० मध्ये ते बदलून रॅनो नावाचे निकष आले. त्यात न चमकणारा पण दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनवर, म्हणजे टी२ आणि फ्लेअरवर, पसरत जाणारा भागही बघायचा असं ठरलं. एका औषधामुळे अख्ख्या क्षेत्राला आपली मोजपट्टी बदलावी लागली, हे मला स्वतःला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं प्रकरण वाटतं. पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या, गळती थांबणं ही खोटी गोष्ट नाही. ट्यूमरभोवतीची सूज कवटीच्या बंद डब्यात मेंदूला दाबते. हात उचलत नाही, शब्द सापडत नाहीत, उलट्या होतात. सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात, पण महिनोन् महिने स्टेरॉइड घेतलं की साखर वाढते, चेहरा सुजतो, मांड्यांची ताकद जाते आणि खुर्चीतून उठता येत नाही. बेव्हॅसिझुमॅबमुळे अनेक रुग्णांचं स्टेरॉइड कमी करता आलं. रेडिएशनमुळे मेंदूचा भाग मरून सूज येते, त्यावरही एका अगदी छोट्या, फक्त १४ रुग्णांच्या पण नीट आखलेल्या ट्रायलमध्ये या औषधाने स्पष्ट गुण दाखवला.

२०१४ चा निकाल

आता खरी परीक्षा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या एकाच अंकात दोन मोठ्या ट्रायल छापून आल्या. दोन्हींत नव्याने निदान झालेले रुग्ण, दोन्हींत रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड सगळ्यांना, आणि वर निम्म्यांना बेव्हॅसिझुमॅब, निम्म्यांना प्लासिबो.

पहिली, अ‍ॅव्हाग्लायो, ९२१ रुग्णांची. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ बेव्हॅसिझुमॅब गटात १०.६ महिने, प्लासिबो गटात ६.२. एकूण आयुर्मान १६.८ विरुद्ध १६.७ महिने. दुसरी, आरटीओजी ०८२५, ६३७ रुग्णांची. आजार वाढेपर्यंतचा काळ १०.७ विरुद्ध ७.३ महिने, आणि एकूण आयुर्मान १५.७ विरुद्ध १६.१.

शेवटचे आकडे पुन्हा वाचा. स्कॅनवर आजार तीन-चार महिने उशिरा वाढला, पण माणूस एक दिवसही जास्त जगला नाही. पुढे २०१७ मध्ये परत आलेल्या ट्यूमरवर ४३७ रुग्णांची ट्रायल आली. तिथे लोमुस्टिनसोबत बेव्हॅसिझुमॅब दिलं, आणि आजार वाढेपर्यंतचा काळ १.५ वरून ४.२ महिन्यांवर गेला. आयुर्मान ८.६ आणि ९.१ महिने, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने फरक नाहीच. तेच चित्र तिसऱ्यांदा.

प्लासिबो गटातल्या बऱ्याच रुग्णांना आजार परत आल्यावर बेव्हॅसिझुमॅब मिळालं होतं, त्यामुळे आयुर्मानातला फरक पुसला गेला असा एक युक्तिवाद होतो. तो अगदीच टाकाऊ नाही. पण तो मान्य केला तरी निष्कर्ष एवढाच निघतो, की औषध सुरुवातीला द्या की नंतर, आयुष्याच्या लांबीत फरक पडत नाही.

मध्यंतरी ओळखीच्या एका काकूंचा फोन आला होता. त्यांच्या भावाला डॉक्टरांनी हे इंजेक्शन सुचवलं होतं, दर दोन आठवड्यांनी. गावाकडची जमीन विकायची की नाही यावर घरात वाद चालू होता. “तू त्यातलंच शिकतोस ना, मग सांग, घ्यायचं का?” मी डॉक्टर नाही, आणि एवढंच म्हणून फोन ठेवणं सोपं होतं. मी त्यांना म्हटलं, काकू, डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: हे कशासाठी देताय? आयुष्य वाढावं म्हणून, की सूज उतरून त्यांना बोलता-चालता यावं म्हणून? कारण या दोन प्रश्नांची पुराव्यातली उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि जमिनीचा निर्णय त्यातल्या कोणत्या उत्तरावर घ्यायचा हे घरच्यांनीच ठरवायचं. काकूंनी विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, सूज आणि स्टेरॉइड कमी करायला, थोड्या डोसांपुरतं. जमिनीचा विषय तिथेच थांबला.

प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायवल आणि ओव्हरऑल सर्व्हायवल हे शब्द परीक्षेसाठी पाठ करताना हा फोन आठवून बघा.

ट्यूमरने काय केलं?

रक्तपुरवठा खरंच तुटत असेल तर ट्यूमर उपाशी मरायला हवा. मरत नाही, कारण त्याच्याकडे दुसरे रस्ते आहेत. सगळ्यात महत्त्वाचा रस्ता इतका साधा आहे की त्याचं नवल वाटतं. मेंदूत रक्तवाहिन्या आधीच भरपूर आहेत! शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव सुमारे वीस टक्के ऑक्सिजन वापरतो, म्हणजे जाळं तितकं दाट असणारच. ग्लायोमाच्या पेशी या जुन्या वाहिन्यांना बिलगून त्यांच्या कडेकडेने सरकत जातात. नवीन नळ घ्यायची गरजच नाही, शेजाऱ्याच्या नळाशी जाऊन उभं राहिलं की झालं. हान्स योआखिम शेरर यांनी १९३०च्या दशकातच ग्लायोमाच्या पेशी रक्तवाहिन्यांभोवती जमतात हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहून ठेवलं होतं. १९९९ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका पेपरने उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवलं की ट्यूमर सुरुवातच अशा उसन्या वाहिन्यांवर करतो आणि त्या ढासळल्या की मग नव्या वाहिन्यांकडे वळतो. २००० मध्ये आणखी एका गटाने व्हीईजीएफ अडवून बघितलं. प्राणी जास्त जगले, पण त्यांच्या मेंदूत जुन्या वाहिन्यांना धरून पसरलेल्या ट्यूमरच्या लहान लहान वसाहती वाढल्या होत्या. म्हणजे इशारा २०१४ च्या चौदा वर्षं आधीच छापून आला होता.

दुसरे रस्तेही आहेत. व्हीईजीएफ अडवलं तर एफजीएफ किंवा अँजिओपॉएटिन-२ सारखे दुसरे घटक पुढे येतात. ट्यूमरच्या मूळपेशी स्वतःच रक्तवाहिनीच्या अस्तराचं रूप घेतात असा दावा २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांनी केला. तो कितपत खरा आणि किती प्रमाणात, यावर अजून भांडण आहे, म्हणून इंटरव्ह्यूत तो ठाम सत्य म्हणून सांगू नका.

रक्तवाहिन्या पूर्ण तोडायच्याच कशाला, असा उलटा विचार करणारेही होते. राकेश जैन हे आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर, नंतर हार्वर्डमध्ये. त्यांनी ट्यूमरकडे नळजोडणीचा प्रश्न म्हणून बघितलं. वाहिन्या वाकड्या, गळक्या, आत दाब नाही, बाहेर पाणी साठून दाब वाढलेला, मग औषध आत जाणार कसं? आणि ऑक्सिजन नसेल तर रेडिएशनही नीट काम करत नाही. २००१ मध्ये त्यांनी मांडलं की व्हीईजीएफ थोडंसं अडवलं तर वाहिन्या काही काळ सरळ होतात, रक्तप्रवाह सुधारतो, आणि त्या खिडकीत केमो किंवा रेडिएशन द्यावं. त्यांच्याच गटाने २००४ मध्ये उंदरांत ही खिडकी मोजली: औषध सुरू केल्यावर ती काही दिवसच उघडी असते, आणि त्या दिवसांत दिलेलं रेडिएशन सगळ्यात जास्त लागू पडतं. माणसांत सेडिरानिब या गोळीवर झालेल्या छोट्या अभ्यासात ज्यांच्या ट्यूमरमधला रक्तप्रवाह वाढला ते रुग्ण जास्त जगले. गंमत बघा, ‘रक्तपुरवठा तोडणाऱ्या’ औषधाचा फायदा ज्यांचा रक्तपुरवठा सुधारला त्यांनाच! अर्थात लहान अभ्यास आणि नुसता सहसंबंध, त्यामुळे पाय जमिनीवर ठेवा. सेडिरानिबची ३२५ रुग्णांची मोठी ट्रायल अपयशीच ठरली.

तुम्ही या विषयात येणार असाल तर

आपल्याकडे अँजिओजेनेसिसवर काम सुरू करणारे बहुतेक विद्यार्थी तीन गोष्टींपासून सुरुवात करतात: कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या, नाळेच्या शिरेतून काढलेल्या एचयूव्हीईसी पेशी मॅट्रिजेलवर नळ्या बनवतात का ते बघणं, आणि यू८७ ही ग्लायोमाची सेल लाइन. तिन्ही स्वस्त, तिन्ही शिकायला चांगल्या. अंड्याचा प्रयोग तर मला फार आवडतो. कवचाला खिडकी पाडून आत बघितलं की जिवंत वाहिन्यांचं झाड समोर असतं.

पण यातून मेंदूबद्दल काय सांगता येतं? नाळेच्या पेशींना ब्लड-ब्रेन बॅरिअर नसतो. मॅट्रिजेलवर काही तासांत त्या नळ्या बनवतात, ट्यूमरमध्ये वाहिनी बनायला दिवस लागतात आणि आजूबाजूच्या पेरिसाइट आणि अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचा हात लागतो. यू८७ची कथा तर वेगळीच. उंदराच्या मेंदूत ती गोल, ठसठशीत कडा असलेली, नव्या वाहिन्यांनी भरलेली गाठ करते. खरा ग्लायोब्लास्टोमा निरोगी मेंदूत बोटं पसरतो, ही फारशी पसरतच नाही. म्हणजे जुन्या वाहिन्यांना बिलगून निसटायचा जो मुख्य रस्ता, तोच या मॉडेलमध्ये जवळजवळ बंद. अशा गाठीवर व्हीईजीएफविरोधी औषध छान चालणार यात आश्चर्य ते काय! त्यात २०१६ मध्ये उघड झालं की जगभर वाटली गेलेली यू८७ ही १९६०च्या दशकात उप्सालामध्ये ज्या रुग्णाच्या ट्यूमरपासून बनवली असं सांगितलं जातं, त्या ट्यूमरशी जुळतच नाही. ती ग्लायोब्लास्टोमाची असावी, पण कोणाची ते माहीत नाही.

यू८७ वापरूच नका, असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी पर्याय नसतो, आणि गाइडच्या फ्रीझरमध्ये जे असतं त्याच्यावरच आपण शिकतो. पण सिनॉप्सिसमध्ये ‘हे औषध ग्लायोब्लास्टोमाचं अँजिओजेनेसिस रोखतं’ असं लिहिण्याआधी रुग्णांच्या ट्यूमरपासून थेट बनवलेल्या, मेंदूत पसरणाऱ्या पेशी कुठे मिळतील ते शोधा. आणि उंदराचा मेंदू कापाल तेव्हा गाठीचा आकार मोजून थांबू नका. वाहिन्या रंगवा, ट्यूमरच्या पेशी दुसऱ्या रंगाने रंगवा, आणि गाठीच्या कडेपासून लांब, निरोगी दिसणाऱ्या भागात जुन्या वाहिन्यांना चिकटलेल्या पेशी किती आहेत ते मोजा. कंटाळवाणं काम आहे. डोळे दुखतात. पण औषधाने ट्यूमर थांबवला की नुसता पळवून लावला, हे तिथेच कळतं.

आता गृहपाठ. २०१४ च्या त्या दोन ट्रायल एकत्र छापून घ्या आणि जर्नल क्लबला लावा. आयुर्मानाबद्दल त्यांचं एकमत आहे, पण जगण्याच्या गुणवत्तेबद्दल नाही. अ‍ॅव्हाग्लायो म्हणते की आजार वाढेपर्यंत बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांची तब्येत जास्त काळ टिकली. आरटीओजी ०८२५ म्हणते की त्यांचा त्रास वाढला आणि स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या चाचण्यांत ते मागे पडले. औषध तेच आणि आजारही तोच. आधी दोघांनी कोणत्या प्रश्नावल्या आणि चाचण्या वापरल्या ते बघा. एकीने विचारशक्ती एका छोट्या ढोबळ चाचणीने मोजली, दुसरीने शब्द आठवण्याच्या आणि वेगाच्या सविस्तर चाचण्या घेतल्या. मग औषध केव्हा सुरू केलं ते बघा. आणि शेवटी हे शोधा की प्रत्येक महिन्याला किती रुग्णांनी प्रश्नावली भरलीच नाही, आणि ते कोण होते. टेबलं आधी वाचा, चर्चेचा भाग झाकून ठेवा. तुमचं उत्तर काय येतं ते खाली लिहा, पुढच्या पोस्टमध्ये त्यावरच बोलू.